मंचावर वळणारी मुलगी

सभागृह खच्चून भरलं होतं. लाकडी मंचावर छकुली अनवाणी, पाठमोरी उभी होती. चमत्कारवाल्या बाबांनी मागून मोठ्या ढोलावर टिपरू हाणलं आणि ती गर्रकन वळली. टाळ्यांचा कडकडाट झाला. जन्माची बहिरी पोर बाबांच्या कृपेने ऐकू लागली म्हणे.

छकुली माझी विद्यार्थिनी. कर्णबधिर मुलांना ऐकायला शिकवणं हे माझं काम. कानाला यंत्र लावलं की मूल लगेच ऐकू लागत नाही, आवाजाकडे लक्ष द्यायला त्याला खेळातून शिकवावं लागतं. मी तोंड झाकून हाक मारायची, ती कळली की छकुलीने डब्यात मणी टाकायचा. वर्षभर डोकं फोडल्यावर ती कुठे मणी टाकू लागली होती. तेवढ्यात बाबांनी फर्मावलं की यंत्रामुळेच कान झोपलेत. आईने यंत्र कपाटात ठेवलं आणि माझा वर्गही बंद केला.

मी मंचावर चढले. बाईंची रोजीरोटी बुडतेय म्हणून त्यांच्या पोटात दुखतंय, असं बाबा मधाळ आवाजात म्हणाले. लोक हसले. मी छकुलीला उचलून खाली फरशीवर उभं केलं आणि म्हटलं, "वाजवा आता."

बाबांनी ढोल बडव बडव बडवला. छकुली पुढच्या रांगेतल्या एका चष्मेवाल्या आजींकडे बघत हसत होती. मग तिला परत मंचावर ठेवून मी ढोलाला हातही न लावता फळीवर टाच आपटली. ती गर्रकन वळली. ढोल वाजला की फळ्या हादरतात, ते अनवाणी तळव्यांना कळतं. बाबांच्या मंचावर चपला का चालत नाहीत, तेही त्यातच आलं.

संशयी बाईच्या सावलीने कृपा आटली, एवढं बोलून बाबांनी पुढचं मूल वर घेतलं. मुलं घेऊन थांबलेल्या आईबापांच्या रांगेतून एकही जण निघून गेला नाही. बाबांच्या दोघा सेवेकऱ्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

छकुलीला कडेवर घेऊन आई मागोमाग आली. "पण बाई, घरी पलंगावर उभी करून थाळी वाजवली, तरी वळते हो ती."

"थाळी पलंगावरच आपटता ना?"

 ती तिथेच पायरीवर बसली, छकुलीला पाठमोरी मांडीवर घेतलं आणि हळूच हाक मारली. मग जरा मोठ्याने. मग रडत. छकुली फ्रॉकच्या बटणाशी खेळत राहिली.

"आजच यंत्र लावा," मी म्हटलं.

"सगळ्या नातेवाइकांना सांगून झालंय, बरी झाली म्हणून. आमच्या यांना विचारून बघते."

 मला नुसता राग येत होता, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

तुमच्या घरी असं मूल असेल, तर त्याला मांडीवर घ्या, पाय अधांतरी ठेवा आणि मागून हाक मारून बघा. एवढं बघायला बाबा लागत नाही, मीही लागत नाही. वळलं नाही, तर कान तपासून घ्या आणि यंत्र लावा. ऐकायला शिकायचं वय घरच्यांचं एकमत होईपर्यंत थांबत नाही.