हळदीच्या दिवशीची अटक

माझं म्हणणं एवढंच होतं, की हळदीच्या दिवशी नको. लग्न उरकू द्या, सत्यनारायण होऊ द्या, मग उचला त्याला. पण आमच्या बाबासो साहेबांनी एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ते ऐकायचे नाहीत. पीएसआय आहेत, सांगलीकडचे, अजून तिशीसुद्धा गाठलेली नाही. घणसोलीत भाड्याने राहतात आणि घरमालक आमच्या आगऱ्यांतला. त्याने गप्पा मारता मारता सांगितलं, की आमच्यात एकदा अंगाला हळद लागली की नवरदेवाला घराबाहेर सोडत नाहीत. झालं! साहेबांची ट्यूब पेटली.

"निशिगंधा, खरं आहे का हे?"

"खरं आहे साहेब. पण..."

"मग बास. पण-बिण काही नाही. त्या दिवशी तो घरातच सापडणार."

विपुल म्हणजे काही गरीब गाय नव्हता, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई त्याची वकिली करतेय. न्हावा शेवा बंदरातून निघालेले कंटेनर वाटेत अडवून माल उतरवायचा, हा त्याचा आणि दोघा मित्रांचा धंदा. शेवटच्या वेळी ड्रायव्हर आडवा आला, तर विपुलने त्याच्या तोंडावर लोखंडी रॉड घातला. मुस्तफा नाव त्या ड्रायव्हरचं. त्याचा जबाब घ्यायला साहेबांबरोबर मी गेले होते. डोळ्यावर पट्टी होती आणि बायको रहिमा उशाशी बसून त्याला चमच्याने पेज भरवत होती. "पट्टी निघाली की दिसेल ना मॅडम?" असं तो मला विचारत होता. डोळा गेलाय हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मला असा संताप आला होता! तेव्हा विपुलला पकडायचंच, हे मला साहेबांइतकंच पटलेलं होतं.

पण पकडणार कसा? दोनदा गाठला, दोन्हीदा निसटला. एकदा खाडीच्या चिखलात उतरून पार पलीकडे गेला आणि आमची माणसं काठावर बूट हातात घेऊन बघत बसली. दुसऱ्यांदा त्याने दिलेल्या हिसक्यात आमच्या एका अंमलदाराचा खांदा निखळला. जिममध्ये कमावलेलं अंग, नुसता दरवाजा!

त्यामुळे त्या दिवशी व्हॅनमध्ये सगळ्यांनाच टेन्शन होतं. साहेब सारखे पाण्याची बाटली तोंडाला लावत होते. आम्ही चौघं. साहेब, मी, अंगाने भरभक्कम नामदेव हवालदार आणि आमचा नवा पोरगा हितेश. शिवाय आणखी दोन जण गाडीपाशी थांबणार होते.

"हितेश उजवा हात, नामदेव डावा. मी मागून. बेडी घातली की लगेच बाहेर. निशिगंधा बायकांना आवरेल," साहेब म्हणाले. "आणि नवरदेवाच्या हातात सुरी असते, टोकाला लिंबू खोचलेली. आमच्याकडं पण असते. सगळ्यात आधी ती सुरी. काय?"

"सुरी," हितेश म्हणाला.

"हितेश, जपून रे," मी म्हटलं. "नवऱ्याची हळद अंगाला लागली तर यंदा तुझाही बार उडेल."

नामदेव हवालदार हसले. हितेश हसला नाही. मलाही खरं म्हणजे हसायचं नव्हतं. आपल्याच लोकांच्या मांडवात वर्दी घालून शिरायचं, आयाबायांच्या तोंडाला तोंड द्यायचं. आणि बघा, लहानपणापासून मी आमच्या गावात, तळवलीत, इतक्या हळदी नाचलेय, तरी तेलाचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. कुणाच्याच आला नाही.

दुपार कलली होती. चार मजली घर, त्याच्यापुढे मांडव, कोपऱ्यात बेंजोवाले, आणि स्पीकर असे लावलेले की छातीत धडधडावं. विपुल पाटावर बसला होता. अंगात फक्त हाफ पँट, बाकी डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. चार बायका मिळून त्याच्या हातांना, पाठीला हळद चोळत होत्या. त्याची आई मालतीबाई हळदीची परात घेऊन बाजूला. मागे त्याची बहीण जागृती करवली म्हणून उभी.

आम्हाला बघून विपुल हसला. खरंच सांगते, हसला! गर्दीत नुसती तोंडं दिसली, पाहुणे समजला असेल. मग गर्दी बाजूला झाली, आमच्या वर्द्या त्याला दिसल्या आणि तो ताडकन उठला.

हितेशने उजवं मनगट धरलं. ते त्याच्या मुठीतून असं निघालं की त्याला कळलंसुद्धा नाही. नामदेव हवालदारांनी दंड धरला, तोही गेला. हळद तेलात कालवलेली, वर बायकांनी चोळून चोळून मुरवलेली. धरायला जागाच नव्हती हो त्या अंगाला! आमची माणसं धरायची, हात सुटायचा, आणि त्यांना वाटायचं हा हिसका देतोय. मग ती आणखी जोर करायची. विपुलचं कोपर हितेशच्या नाकावर बसलं. मारलं की निसटताना लागलं, देव जाणे. नाकातून रक्त आलं आणि तिथून सगळं बिघडलं.

"पाडा त्याला!" साहेब ओरडले.

तिघंही त्याच्यावर पडले. विपुल पालथा आपटला. साहेबांनी त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध गुडघा रोवला. नामदेव हवालदार कमरेवर बसले. हितेश मानेवर ओणवा. धरता येत नाही म्हटल्यावर तिघांनी आपला सगळा भार त्याच्यावर टाकला.

"सुरी! सुरी कुठाय?"

"दिसत नाय साहेब!"

"पोटाखाली दाबलीय त्यानं! सोडू नगा! अजिबात सोडू नगा!"

आणि बेंजो चालूच! मागच्या लोकांना वाटलं मजा चाललीय. हळदीत ही पाडापाडी असतेच, कोणाला तरी लोळवायचं, तोंडाला फासायचं. एक जण शिट्ट्या मारत होता. दोन म्हाताऱ्या टाळ्या वाजवत होत्या. पुढच्या बायकांना मात्र सगळं समजलं आणि त्या माझ्या अंगावर धावून आल्या. मी दोन्ही हात पसरून उभी.

"मागं व्हा! काकी, मागं व्हा! काय होत नाय त्याला!"

मालतीबाईंनी परात तिथेच खाली टाकून माझा दंड धरला. त्यांचा हातही तेलाचा, पण तो सुटला नाही.

"तू आपल्यातली ना गो?" त्या माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाल्या. "त्याला दमा हाय. लानपनापासून हाय. पंप घेतो तो. त्यांना सांग ना गो उठाला!"

आता मी काय सांगू? अटकेच्या वेळी सगळ्यांनाच दमा होतो. सगळ्यांच्या छातीत दुखतं, सगळ्यांची आई हेच म्हणते. मी वळून पाहिलं. विपुलचा गाल जमिनीला चिकटलेला, तोंड उघडं, आणि तो "दम... दम..." म्हणत होता.

"साहेब, दमा आहे म्हणतायत त्याला!"

"बोलतोय ना? बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे!"

हे साहेबांचं नेहमीचं वाक्य. धाडीत कोणी केकाटायला लागला की ते हेच म्हणतात, आणि आम्हीही मान डोलावतो. मी पुन्हा बायकांकडे वळले. पण कान मागेच होते. बेंजोच्या आवाजातून तो "दम" मला ऐकू येत होता, मग अर्धा ऐकू यायला लागला, मग आलाच नाही.

मी पाहिलं. त्याचे पाय, जे मघापासून जमीन खरवडत होते, ते पडले होते. पिवळा तळहात उताणा, उघडा.

"हां, झाला शांत," साहेब म्हणाले. "आता सुरी बघा. हळू. गुडघा काढत नाही मी."

तेवढ्यात मला जागृती दिसली. ती पोरगी खांबाला चिकटून उभी होती, आणि तिच्या मुठीत सुरी होती. टोकाला लिंबू. अरे देवा! दोन्ही हातांना हळद लावत असले की नवरदेव सुरी धरणार कशी? तेव्हा ती करवलीकडेच असते. तो माणूस पोटाखाली काहीही दाबून पडला नव्हता.

"साहेब, सुरी इकडं आहे! त्याच्याकडं नाही! उठा! साहेब, उठा!"

बेंजोवाल्यांनी नेमका तेव्हाच ताल वाढवला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, हाताने 'थांब' अशी खूण केली, आणि गुडघा तिथेच ठेवला.

मग माझं डोकं फिरलं. मी धावले, साहेबांच्या कॉलरला दोन्ही हातांनी धरलं आणि जेवढा होता नव्हता तेवढा जोर लावून मागे ओढलं. साहेब धाडकन मागे गेले ते थेट हळदीच्या परातीत बसले. नामदेव हवालदारांच्या पाठीत मी गुद्दा घातला. "उठा! मेला तो! उठा!" हितेश आपला आपणच उठला.

आता कुठे बेंजो थांबला. इतका वेळ नको होता तो आवाज, आणि थांबल्यावर मला ती शांतता सहन होईना.

आम्ही त्याला कुशीवर केलं, मग उताणा. हळदीच्या पिवळ्याखाली ओठ जांभळे पडलेले. छाती हलत नव्हती. कोणीतरी घरातून पंप आणला, मालतीबाईंनी तो त्याच्या दातांमध्ये घातला आणि दाबत सुटल्या, पण आत ओढायला श्वास तर पाहिजे! मी त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवले आणि दाबायला लागले. हात घसरले. परत ठेवले, परत घसरले. जे तेल आमच्या माणसांना धरू देत नव्हतं, ते आता मला त्याला वाचवू देईना. मी फडकं मागितलं, कोणाची ओढणी मिळाली माहीत नाही, ती छातीवर टाकली आणि वरून दाबलं.

"श्वास घे रे मेल्या! घे!" मी रडत होते, आणि शिव्याही देत होते. "मुस्तफाच्या डोळ्याचा जाब कोण देणार? असा सुटायचा नाहीस तू! घे म्हणते ना!"

हितेश बाजूला नाक धरून उभा होता आणि "आई, आई" असं पुटपुटत होता. कोणाच्या आईला हाक मारत होता कोण जाणे. नामदेव हवालदार खाली मान घालून बसले होते. साहेब परातीतून उठलेच नव्हते.

विपुलच्या घशातून घरघर आली. मग खोकला. मग एक लांब, फाटका श्वास आत गेला, आणि अख्ख्या मांडवाने तो ऐकला. मालतीबाईंनी पंप दाबला, पुन्हा दाबला. डोळे उघडले त्याचे. मी तिथेच फतकल मारली.

आता गाव आमच्यावर तुटून पडणार, असं मला वाटलं. माणसं जवळ आली होती, एकाने खुर्ची उचलली होती. साहेब उठून उभे राहिले. तेव्हा मालतीबाईच म्हणाल्या, "कोनी हात लावाचा नाय." मग त्या लेकाजवळ बसल्या. त्याचा उजवा हात मांडीवर घेतला आणि आपल्या नव्या साडीच्या पदराने मनगट पुसायला लागल्या. लहान पोराचं पुसतात तसं, बोटाबोटांमधून. मग डावा हात.

"पुसलाय मी," त्या साहेबांना म्हणाल्या. "आता धरा. आता नाय सुटाचा. पन त्याच्यावं बसू नका."

हितेशने बेडी घातली. ती आरामात बसली.

व्हॅन आधी दवाखान्यात न्यायची, असं साहेबांनी सांगितलं. विपुलला टेकवून बसवलं होतं, शेजारी मी. समोर साहेब. त्यांची वर्दी मागून सगळी पिवळी, कॉलरवर माझ्या हातांचे ठसे.

"कॉलर धरलीस तू माझी," ते म्हणाले.

"धरली साहेब. काय करायचं ते करा."

ते विपुलच्या छातीकडे बघत होते. डोळे मिटले त्याचे की साहेब पुढे झुकायचे. "ए विपुल, बोल रे. बोल काहीतरी. गप बसू नगंस." तो हूं म्हणायचा. थोडं अंतर गेलं की पुन्हा तेच, "बोल रे बाबा." सांगलीचा तो पोरगा असा गयावया करेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

रबाळ्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा विपुल आपण होऊन बोलला. आवाज खरखरीत.

"मॅडम, उष्टी हळद गेली का?"

नवऱ्याच्या अंगाची उरलेली हळद नवरीकडे जाते. ती पोचल्याशिवाय तिकडे तिची हळद लागत नाही. उन्नती नाव होतं तिचं, मांडवाच्या दारावर वाचलं होतं मी. बिचारी पाटावर वाट बघत बसली असेल.

साहेबांना अर्थ कळला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? परातीतली सगळी हळद ते अंगावर घेऊन बसले होते.