कुणी न मोजलेले चेंडू

डाव्या तर्जनीच्या कडेवरचा घट्टा मऊ पडला होता... चहाचा पेला धरताना पूर्वी तिथे चटका जाणवत नसे, आज जाणवला, म्हणून सीतारामने पेला खाली ठेवला आणि बोट खिडकीच्या उजेडात धरलं. कडेची कातडी सुटत आली होती आणि खालची नवी कातडी गुलाबी होती, दुसऱ्याच कुणाची असावी तशी. इतकी वर्षं चेंडूच्या शिवणीवर घासून घासून तो घट्टा झाला होता, आणि पावसाळ्यापासून चेंडू हातात घेतला नाही तर निघूनही चालला. चंपा असती तर तिने बोट ओढून घेतलं असतं, कोकमाचं मुठेल दिव्यावर पातळ करून चोळलं असतं – प्रत्येक मॅचनंतर चोळायची, भेग पडलेली असो नसो. चंपा श्रावणात गेली. ताप आला, डोक्यात चढला, आणि तो दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेला असतानाच संपलं. त्यानंतर तो मैदानावर गेला नाही. नाही असं कुणाला म्हणाला नव्हता. फक्त गेला नव्हता.

"निघतोस ना रे दुपारी?" गॅलरीतून बुधाजीने विचारलं. बुधाजी शेजारच्या खोलीतला, गिरणीच्या टीमचा विकेटकीपर. "क्लबच्या नानांचा निरोप आलाय. टेस्ट ह्याच आठवड्यात हाय, आणि त्या गोऱ्यांकडं डावरा फिरकीवाला हाय. आपल्या बॅटवाल्यांना तुझी प्रॅक्टिस पायजे."

"त्यांना पायजे."

"मग? मला कोण बोलावतंय? माझी बोटं बघून बँडवालेपण घेणार नाय मला, पिपाणी वाजवायला."

सीताराम हसला नाही. "आज जातो, आणि नानांना सांगून येतो. यापुढं बोलावू नका म्हणून."

बुधाजीने वाकडी बोटं कठड्यावर घासली. "वैनीला चाललं असतं काय हे?"

तेच तर. चाललं नसतं, हे त्याला माहीत होतं. पण आता घरी कुणी वाट बघणारं नाही, काय झालं म्हणून विचारणारं नाही, मग बॉल टाकायचा तो कशाला... हे बुधाजीला कसं सांगायचं ते त्याला कळेना, म्हणून त्याने पेला विसळून पालथा घातला आणि पहिल्या पाळीला गेला.

गिरणीत सूत काततात त्या रिंग खात्यात चात्यांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून विचारही मोठ्याने करता येतो. टेस्टच्या आधी नेटमध्ये बॉलिंग करायला त्याला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा लग्न नवं होतं. मग दर टेस्टला बोलावणं यायचं. नेटमध्ये त्याने नावाजलेल्या माणसांच्या दांड्या उडवल्या – ते मान हलवायचे, चांगला होता म्हणायचे, आणि स्टंप परत उभे करायचे. नेटमधली विकेट कुणी लिहून ठेवत नाही. टीममध्ये डावऱ्या फिरकीवाल्याची जागा एक, आणि ती भरलेली; जो होता तो चांगलाच होता, सीतारामपेक्षा थोडा सरसच असेल. बुधाजी म्हणायचा, जागाबिगा काय नाय रे, आपल्याला कोण घेणार. आणि कधी कधी सीतारामला वाटायचं, एखाद्याने तोंडावर सांगितलं असतं – तू कमी पडतोस, किंवा तू अमक्या जातीचा – काहीही एक, तर बरं झालं असतं. हेही नाही आणि तेही नाही, कुणीच काही बोललं नाही. नाना तर पाठीवर हात ठेवायचे. मला शेवटपर्यंत कळलं नाही की मी हाताने कमी पडलो की जन्माने.

वडिलांच्या वेळी गिरणीत आपल्या लोकांना विणकामात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा, आणि ओठ लावलेला धोटा मग दुसरा कुणी तोंडाला लावणार, म्हणजे विटाळ. हे त्याने चंपाला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थापायची थांबली आणि म्हणाली, "आणि तुमी तर बोट चाटून बॉल चोळता. तो सगळ्यांच्या हातातनं फिरतो. तुमची थुंकी चालते काय त्यांना?"

"चालते की."

"मग चाटा चांगला," ती म्हणाली आणि हसत सुटली, इतकी की तव्यावरची भाकरी करपली.

तो मॅचहून आला की तिला सगळं ऐकायला लागायचं. पोळपाट उभा करून त्याचे स्टंप, लाटणं म्हणजे बॅट. ती स्टोव्हच्या कडेला बॅटवाल्यासारखी उभी राहायची, पदर खोचून, आणि विचारायची, पाय कुठं होता त्याचा? पुढं की मागं? मैदान तिने कधी बघितलं नव्हतं, पण कोणता बॉल का फसला हे तिला बुधाजीपेक्षा चांगलं कळायचं. निवड व्हावी म्हणून तिने आधी नवसही बोलले होते. मग दीक्षेचं वर्ष आलं, फळीवरचे देव सगळ्या चाळीने उतरवले, तिनेही उतरवले, आणि त्या रात्री गंभीर तोंड करून म्हणाली, "आता नवसाला कुणी ऱ्हायलं नाय वो. आता तुमीच नीट टाका."

...आणि त्यानंतर दोन वर्षांनी थंडीतली ती फजिती. पेपरात छापून आलं होतं की टेस्टपूर्वीच्या सरावाला अमके अमके हजर राहणार, आणि त्यात खाली त्याचं नाव. चाळीत पेपर एकाने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचं. त्यात सराव कुठेतरी मागे राहिला आणि टेस्ट तेवढी पुढे आली. तो पाळीवरून परतला तर जिन्यात हलगी. समितीच्या मोर्च्यासाठी आणलेले हार होते, त्यातला एक त्याच्या गळ्यात. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ह्याच्या खालोखाल 'सीताराम झालाच पाहिजे' अशी कुणीतरी आरोळी दिली, आणि लोकांनी ती उचलली. त्याचा आवाज कुणाला ऐकू जाईना. त्याने दारातल्या चंपाकडे बघितलं आणि तिला तिथेच कळलं. ती आत गेली आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. चाळभर कप फिरले. सगळे पांगल्यावर तिने त्याच्या गळ्यातला हार काढला, खुंटीला नाही लावला, टाकूनही नाही दिला – सुटा करून झेंडूची फुलं शेजारच्या पोरींना वाटून टाकली. "उद्या मी सांगते सगळ्यांना," म्हणाली. आणि खरंच नळावर उभी राहून तिनेच सांगितलं, काय झालं ते, हसत. त्याला सांगावं लागलं नाही.

पाळी सुटल्यावर तो ट्रामने धोबीतलावाला उतरला आणि पुढे चालत गेला. भिंतींवर डांबराने लिहिलेल्या घोषणा फिकट होत आल्या होत्या; राज्य आता होणार, मुंबईसकट होणार, असं लोक बोलत होते, आणि ते बोलणं ऐकताना आनंद व्हायला हवा हे त्याला समजत होतं. कर्फ्यूच्या वर्षी ह्याच रस्त्याने तो पांढऱ्या कपड्यांत पळाला होता. कपड्यांना अश्रुधुराचा वास राहिला होता आणि चंपा ते धुताना रडत होती; धुराने की कशाने, तिने सांगितलं नाही.

ब्रेबॉर्नवर नेटच्या मागे नाना उभे होते. दादरचे, एका ऑफिसात हेडक्लार्क, आणि क्लबचं सगळं बघणारे. "आलास, बरं झालं," ते म्हणाले. "सीताराम, मी यायला हवं होतं रे चाळीत. राहून गेलं."

"असू दे नाना. मला एक बोलायचं होतं."

"आधी थोडे टाक. ऊन जाईल. मग बोलू." आणि त्यांनी चेंडू हातात दिला.

पहिला चेंडू आखूड पडला आणि बॅटवाल्याने तो जाळीत भिरकावला. दुसराही. मऊ बोटावर शिवण चावत होती. तिसऱ्याला त्याने उंची दिली – आणि तो लेगला पडून वळला, फार नाही, हवा तेवढा. बॅटवाल्याने मागे येऊन कसाबसा अडवला आणि मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग सीतारामने तसाच आणखी एक टाकला, मग थोडा बाहेर, मग तसाच दिसणारा पण न वळणारा, आणि बॅटवाला पुढे येऊ लागला तसा त्याने टप्पा हळूहळू मागे घेतला, एकेका बॉलला, तो किती पुढे येतो हे बघत... आता पाय उचलेल, आता नाही, आता... आणि दांडी उडाली. बॅटवाला हसला. कुणीतरी स्टंप परत लावला. दुसरा बॅटवाला आला. हाही पुढे येणारा दिसत होता, पण ह्याचा खांदा आधी उघडत होता.

"आज काय मूड आहे रे तुझा," नाना जवळ येऊन म्हणाले. "काय बोलणार होतास? आणि उद्याही ये, हे सगळे तुझंच नाव काढतायत."

सीतारामने चेंडू बोटांत फिरवला. काय बोलायचं होतं ते एकदम सापडेना, आणि सापडलं तेव्हा दुसरंही कळलं – पहिल्या चेंडूपासून आतापर्यंत चंपा मेलेली आहे हे त्याच्या ध्यानात नव्हतं. श्रावणापासून असा एक क्षण गेला नव्हता. झोपेतसुद्धा नाही. आणि इथे, चार जाळ्यांच्या मध्ये, दुसऱ्या कुणाच्या टेस्टसाठी बॉल टाकताना तिला तो कुठे ठेवून आला होता? बाजारात बायकोचा हात सुटावा आणि आपण पुढे चालत राहावं, तसं त्याला वाटलं. मागे वळून बघायला हवं होतं, आणि वळायची लाज वाटत होती. कारण ते बरं वाटलं होतं. इतकं हलकं वाटलं होतं, आणि त्या हलकेपणात ना टेस्ट होती ना निवड ना कुणाला जाऊन सांगणं. फक्त तो माणूस पुढे येतो का, एवढंच होतं. मग इतकी वर्षं मी कुणासाठी टाकत होतो... तिच्यासाठी, असंच मी धरून चाललो होतो. तिनेही तसंच धरलं असेल का? की तिला माहीत होतं?

"काय रे?" नाना म्हणाले. "उद्या येशील ना?"

उत्तर द्यायला हवं होतं. पलीकडे नव्या बॅटवाल्याने गार्ड घेतला होता आणि बॅट जमिनीवर आपटत तो सीतारामकडे बघत होता, खांदा आत्ताच उघडा. सीतारामला कळत होतं, हा बॉल टाकला की चंपा पुन्हा थोडा वेळ मनातून जाईल, आणि मग पुन्हा येईल, आणि प्रत्येक वेळी येताना नव्याने येईल. हे सहन होईल की नाही ह्याचा त्याला अंदाज नव्हता.

"नाना, एक मिनिट," तो म्हणाला. नकळत त्याने बोट चाटून ओलं केलं होतं.