मोठ्या प्लॅनमधली नोंद

छापखान्याच्या सॉफ्टवेअरमधून ऑर्डरी गायब होत होत्या. मामंजींनीच महागडा प्लॅन घ्यायला लावला. "स्वस्तातल्या प्लॅनमध्ये कुणी काय पुसलं ते दिसत नाही, सूनबाई. यात चोर सापडेल."

नोंद उघडली. रोज सकाळी पुसणारं नाव एकच होतं, मामंजींचं. हल्ली जेवून उठल्यावरही ते विचारतात, "जेवायला पानं कधी घेणार?" त्याचा अर्थ मला तेव्हा उमगला.

या प्लॅनमध्ये एखाद्याला नुसतं पाहण्यापुरतं ठेवता येतं. देवाचं नाव घेऊन मी त्यांचे बाकीचे अधिकार काढले.

"सापडला का गं चोर?"

"नाही, मामंजी. सॉफ्टवेअरच बिघडलं होतं."

दुसऱ्या दिवशी ते खुशीत म्हणाले, "आज एकही ऑर्डर गेली नाही! डोळ्यांत तेल घालून बसलो होतो ना!"

"तुम्ही आहात म्हणूनच," मी म्हणाले.