भिकेचे दोन पत्ते

एचएसआर लेआउटमधल्या त्या दुकानात पटावरचे खेळ घेण्याआधी मांडून बघता येतात. माझ्या ऑफिसातल्या शंतनूने सोपा डबा पुढे केला. "सुखदा, हा घे. वीस मिनिटांत संपतो. सत्तरीच्या माणसाला याहून जास्त झेपणार नाही."

"मला कठीणच हवाय."

राजाजीनगरात मी ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावर राहते, त्या हणमंतरावांना, म्हणजे अण्णांना, मार्चमध्ये अर्धांगाचा सौम्य झटका आला. उजवा हात थरथरतो, बुद्धी शाबूत आहे. पण कॅरमचे मित्र त्यांच्यासाठी मुद्दाम राणी सोडू लागले, तेव्हापासून ते खेळायला जाईनात, कुणाशी धड बोलेनात. "खुर्चीतच वाळून जातील गं हे," त्यांच्या पत्नी तुंगाबाई, आमच्या अक्का, मला जिन्यात म्हणाल्या होत्या.

मला डेंग्यू झाला तेव्हा याच अक्कांनी रोज पेज वर आणून दिली होती आणि नागपूरला आईला फोन करून "मी आहे हो इथं" एवढंच सांगितलं होतं. असल्या गोष्टींची परतफेड होत नाही. पण काहीतरी करण्यासारखं दिसत होतं, ते करायचं होतं.

म्हणून मी निकष ठरवले. नेम लावावा लागू नये, नशीब कमी असावं, आणि खेळ इतका गुंतागुंतीचा असावा की दुसऱ्यावर दया करायला कुणाला सवडच मिळू नये. शेती-बांधकामाचा एक जडशीळ डबा यात बसला. शेत नांगरायचं, मातीचं घर दगडाचं करायचं, आणि दर सुगीला घरातल्या प्रत्येकाला जेवू घालायचं. एका माणसाचं धान्य कमी पडलं तर भिकेचा एक पत्ता, म्हणजे गुण वजा. नदीवर जो आधी जाईल त्यालाच मासे, आणि तेही पोटालाच.

रविवारी दुपारी मांडला. "हा काय पोरखेळ काढलायस?" अण्णा लांबूनच म्हणाले. मी नियम मोठ्याने वाचत राहिले. थोड्या वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "थांब. नांगरायच्या आधी पेरता येतं काय?"

पहिल्या सुगीपर्यंत अण्णांनी हौसेने खोल्या वाढवल्या होत्या. माणसं चार, धान्याचे ठोकळे दोन. ते बघताच अक्कांनी आपले दोन ठोकळे हळूच त्यांच्याकडे सरकवले. आपल्यासमोर कुणी उपाशी बसलेलं त्यांना बघवत नाही, मग तो माणूस लाकडाचा का असेना.

अण्णांचा चेहरा उतरला. "तूपण राणी सोडायला लागलीस काय, तुंगा?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "असं देता येतं? नियमात आहे?"

अक्का मला डोळ्यांनी विनवत होत्या.

"नाही, अण्णा. नियमात नाही." मी ठोकळे अक्कांकडे परत ठेवले आणि भिकेचे दोन पत्ते अण्णांसमोर.

"केवढी निर्दय गं तू!" अक्का म्हणाल्या.

"तू स्वल्प गप्प बस," अण्णा टेबलावर वाकले. "आता नदीवर मीच आधी जातो. मासे कुणाला मिळतात बघूच."

मासे त्यांनाच मिळाले. माझी माणसं उपाशी राहिली, दगडाचं घर राहून गेलं. शेवटी जिंकल्या अक्का; त्यांच्या घरात एकदाही कुणाला कमी पडलं नव्हतं. अण्णा तिसरे आले.

"खरंच खेळलीस ना तू?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, तुमच्यामुळे माझं घर मातीचंच राहिलं!"

ते खो खो हसले. किती महिन्यांनी, कोण जाणे. "सरी, ठीक आहे. डबा भरू नकोस. परत मांड."

अक्का कॉफी ठेवायला उठल्या. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी ठोकळे वेगळे करायला घेतले.