धाकट्याच्या नोटा

ब्लाउज शिवून पोट भरणाऱ्या ताईने भावापुढे आजवर हात पसरला नव्हता. पण आईच्या पोटातली गाठ फुटायच्या बेतात आली, ऑपरेशन आजच करायला हवं असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि ती धाकट्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली. तो जुने मोबाइल दुरुस्त करून विकायचा. त्याने कुरकुर न करता आतून एक जाडजूड पाकीट आणून दिलं.

"एवढे? तुझी बायको काही बोलणार नाही ना?"

"आई माझीपण आहे, ताई. जा, उशीर करू नकोस."

रिक्षात तिचे डोळे भरून आले. ह्या भावाला आपण उगाच आतल्या गाठीचा समजत होतो, असं तिला वाटलं.

दवाखान्याच्या कॅशियरने नोटा मशीनमध्ये घातल्या. मशीन ओरडलं. त्याने एक नोट उजेडाकडे धरली, अंगठ्याने घासून पाहिली.

"बाई, जरा बाकावर बसा."

पावती करतोय असं समजून ताई बसली. आले ते दोन पोलीस.

"कुणी दिल्या?" चौकीत साहेबांनी विचारलं.

"माझ्या भावाने."

धाकट्याला बोलावलं. तो बायकोला घेऊन आला आणि ताईकडे न बघता म्हणाला, "मी? माझं दुकानच धड चालत नाही, साहेब."

"अरे, तुझ्या हातून घेतल्या ना मी!"

"कुणाच्या नादी लागलीस ते सांगून टाक, ताई. मला कशाला गोवतेस?"

वहिनी नवऱ्यामागे पर्सचा पट्टा पिळत उभी होती. नणंद-भावजयीचं कधी पटलं नव्हतं. ताई तिला तोंडावर 'तोरेवाली' म्हणायची. पण तीच पुढे आली.

"खोटं बोलतायत हे. कुणीतरी ह्यांच्या गळ्यात मारल्या त्या नोटा. कपाटात पडून होत्या. कुठे खपवू, कुठे खपवू, म्हणून माझं डोकं खात होते. आज म्हणाले, दवाखान्यात गर्दी असते, तिथे कोण बघतंय!"

"गप्प बस!"

"आई आहे हो ती तुमची."

धाकटा रडत ताईला म्हणाला, "खपल्या असत्या तर ऑपरेशन झालं असतं ना? मग माझं काय चुकलं?"

जबाब, सह्या, अंगठे होईपर्यंत संध्याकाळ झाली. वहिनीने हातातल्या बांगड्या मोडून पैसे भरले, पण तोवर गाठ फुटली होती. ऑपरेशननंतर आई थोडा वेळ शुद्धीवर आली.

"धाकट्याने दिले ना पैसे?" तिने विचारलं.

"हो, त्यानेच दिले," ताई म्हणाली.

आईच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. ते बघणं ताईला सोसवेना. ती खिडकीकडे वळली. दुसऱ्या दिवशी आई गेली.

धाकट्याला पोलिसांनी अंत्यदर्शनाला आणलं. नातेवाइकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि वहिनीकडे पाठ फिरवली. नवऱ्याला तुरुंगात घालणारी बाई! तिच्या माहेरच्यांनीही तिला दारातूनच परत पाठवलं.

ती बॅग घेऊन ताईच्या खोलीवर आली.

"मला शिवता येत नाही," ती दारातच म्हणाली.

"हुक लावता येतील," ताई म्हणाली आणि कापडाचे ढीग उचलून तिच्यासाठी कॉटवर जागा केली.