पलीकडच्या खोलीतला खोकला

उशीला अभ्रा चढवता चढवता तिने मोबाइल गादीवर टाकला, पुन्हा उचलला आणि तोच अभिप्राय परत वाचला. खोली स्वच्छ, घरमालकीण हसतमुख, पण पलीकडच्या खोलीतले आजोबा रात्रभर खोकत होते, डोळ्याला डोळा लागला नाही. पाचातले तीन तारे.

"हसतमुख म्हणे," ती पुटपुटली. "जाताना मेल्यांनी साबणाची वडीसुद्धा ठेवली नाही."

घरातली एक खोली पाहुण्यांना द्यायची ही कल्पना तिची. लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या नावावर काही कमाई जमा होत होती आणि ती तिला हातची जाऊ द्यायची नव्हती. कुणी पडद्यांच्या रंगाला नाक मुरडलं तर ती दोन दिवस धुसफुसायची आणि मग निमूटपणे नवे पडदे शिवायला बसायची. हंगामात खोली रिकामी अशी नसायचीच. ती लेकीला घेऊन पुढच्या खोलीत अंथरूण टाकायची, आणि नवरा नि सासरे मधल्या चिंचोळ्या खोलीत झोपायचे. त्यांची आणि पाहुण्यांची भिंत एकच. पडदे बदलता येत होते, सासरे कसे बदलणार, हे तिला सुचेना.

जेवताना तिने अभिप्राय मोठ्याने वाचून दाखवला. नवऱ्याने ताटातून मान वर केली नाही. सासऱ्यांची हयात थिएटरच्या दारावर तिकिटं फाडण्यात गेलेली. भांडण पेटायच्या आधीच ते ओळखायची त्यांना सवय होती.

"मीच तो," ते म्हणाले. "या म्हाताऱ्या छातीचा काही भरवसा नाही. मी राहतो थोडे दिवस धाकट्याकडे."

"तसं नाही हो बाबा," ती म्हणाली. पण जाऊ नका, असं काही तिच्या तोंडून निघालं नाही. सकाळी त्यांची पिशवी बसपर्यंत नवऱ्यानेच पोचवली.

पुढचं जोडपं मोठं गोड होतं. निघताना त्या मुलीने तिला मिठीच मारली, त्यामुळे तिने त्यांचा अभिप्राय मोठ्या हौसेने उघडला. घर सुंदर, काकू प्रेमळ. फक्त पलीकडचे आजोबा रात्री फार खोकतात, बिचाऱ्यांना डॉक्टरांना दाखवा.

तिला आधी हसूच आलं. घरात नसलेला माणूस खोकतो कसा? मग हसू विरलं आणि तिने जावेला फोन लावला.

"बाबांचा खोकला कसा आहे गं?"

"खोकला? छे! घोरतात तेवढे. सकाळी हलवून उठवावं लागतं."

जावेने फोन सासऱ्यांकडे दिला. 

"पाहुण्यांनी पुन्हा लिहिलं वाटतं," ते म्हणाले.

"हो."

"त्याला टाकून बोलू नकोस. डॉक्टरकडे ने तेवढं. सिगारेट सोडली असं तो तुला सांगतो, पण सुटलेली नाही ती."

नवरा मधल्या खोलीत अंथरुणाची घडी घालत होता. ती दारातच उभी राहिली.

"तुला ठाऊक होतं."

कोण, काय, हे त्याने विचारलं नाही. "बाबाच म्हणाले, गप्प बस. भांडणात तुझा हंगाम बुडेल म्हणाले."

"आणि तू बसलास."

तो चादरीची टोकं जुळवत राहिला. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पण राग सगळा त्याच्यावर काढावा म्हटलं तर तोही पुरता निघेना. खोकणारा म्हातारा आहे म्हटल्यावर दुसऱ्या कुणाचा विचार तिच्याही मनाला शिवला नव्हता. खरं सांगायचं तर बस सुटल्यावर तिला हायसंच वाटलं होतं, आणि ते आठवून तिला स्वतःची किळस आली.

"आत्ताच्या आत्ता जा," ती म्हणाली. "बाबांना परतीच्या बसमध्ये बसवून दे."

त्याने पायात चपला सरकवल्या आणि दाराशी घुटमळला.

"संध्याकाळी नवे पाहुणे येतायत ना? मग मी झोपू कुठे?"

"धाकट्याकडे," ती म्हणाली. "बाबांची गादी आता रिकामीच होईल."