टाकीच्या तळाचं पाणी

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे सकाळपासून घरात कोणी बोललं. अप्पा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "चल, आज बोटीची ती डिझेलची टाकी उपसून टाकू. तुझ्या मनातून तरी जाईल."

मनातून कसलं जातंय! तीन महिन्यांपूर्वी खडकांजवळ वारा पडला, शिडं लोंबली आणि नेमकं तेव्हाच इंजिन बंद पडलं. ते सुरू करायच्या धडपडीत माझा नवरा पाण्यात पडला. बोट वाळूत रुतलेली सापडली. तो दोन दिवसांनी. मेकॅनिकने फिल्टर उघडून एवढंच सांगितलं, डिझेलमध्ये पाणी आहे.

थंडीत अर्धी रिकामी टाकी आतून घाम धरते, आणि ते पाणी डिझेलमध्ये उतरतं. म्हणून तो बजावून गेला होता, "काठोकाठ भरून घे गं." तेव्हा आमची सहा वर्षांची ठकी तापाने फणफणली होती. मी हो म्हटलं आणि विसरले.

पाणी जड, ते खाली बसतं. ते एका कोपऱ्यात जमावं म्हणून अप्पांनी बोट दोन दिवस कलती ठेवली होती. आम्ही बोटीच्या पोटात उतरलो. त्यांनी हातपंपाची नळी टाकीच्या तळाला टेकवली, दुसरं टोक काचेच्या बरणीत सोडलं. मी दट्ट्या ओढू लागले.

"हळू! विहीर उपसतेयस का? ढवळलंस तर सगळं परत एक होईल."

बरणी भरली. नुसतं पाणी. मला रडू फुटलं. "माझ्यामुळेच झालं, अप्पा."

"गप. घामाचं पाणी ते किती असणार, वाटीभर."

दुसरी बरणी भरली. तिसरी. बरण्या बादलीत रिकाम्या करत गेलो, बादली अर्धी झाली तरी डिझेल येईना. अप्पा थांबले. करंगळी पाण्यात बुडवून जिभेला लावली आणि पचकन थुंकले.

"खारं नाही. म्हणजे समुद्राचं नव्हे. हे नळाचं. कोणीतरी ओतलंय."

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला हलकं वाटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. मी नव्हते! आणि लगेच संताप आला. "कोण मेला तो? हात झडोत त्याचे!"

वर डेकवर पाय सोडून बसलेली ठकी खाली डोकावली. "आई, शिव्या नको ना देऊ. ते माझं पाणी आहे."

"तुझं?"

"बाबांना वाटेत पाणी कमी पडतं, तूच म्हणालीस ना? मग मी नळी लावून भरलं. एकटीने! त्यांना गंमत म्हणून सांगितलंच नाही." आणि तिने टाचेने शेजारचं पितळी झाकण ठोकून दाखवलं. डेकवर तशी दोन आहेत, अगदी जुळी. एक पिण्याच्या पाण्याचं. ती ठोकत होती ते डिझेलचं.

अप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं. मान हलवली, नाही म्हणून.

ठकी आणखी वाकली. शाबासकीची वाट बघत असावी.

"आई, सांग ना. पुरलं का गं ते बाबांना?"